मामाला ऐकू आलं नसेल

आवाज भरायच्या त्या खोलीत शिरल्या शिरल्या मला मळमळलं. भिंतींना जाड राखाडी कापड ठोकलेलं, खाली गालिचा, खिडकी औषधालाही नाही. वर्षानुवर्षं तिथे बसलेल्या माणसांचे श्वास, सिगारेटी, अत्तरं, पायमोजे, सगळं त्या कापडाने पिऊन ठेवलं होतं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून केवढा बंदोबस्त, आणि आतला कोंदट वास बाहेर जायला फटही नाही.

आईने रुमाल नाकाला लावला. "उंदीर मेलाय का हो कुठे?"

"आजी, शेवटी तुम्ही डोळेवाल्यांच्याच रक्ताच्या! जे आहे ते तोंडावर!" असं म्हणत त्या गृहस्थाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात तिथेच राहिला. मऊ, घामेजलेला, बोटात अंगठी रुतलेला. ताटात पडलेली पाल चिमटीत धरून टाकावी तसा तो हात उचलून बाजूला ठेवावा, असं मला वाटत होतं.

जुने मूकपट धुऊनपुसून पुन्हा दाखवण्याजोगे करणाऱ्या संस्थेचा हा मुख्य. मी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं होतं. गेलं वर्षभर तो आमच्या घरी येत होता, आईच्या पाया पडत होता आणि प्रत्येक वेळी 'डोळेवाले' म्हणताना डोळे मिटत होता.

डोळेवाले म्हणजे आईचा सख्खा मामा. चित्रपटाला अजून तोंड फुटलं नव्हतं, त्या काळातला दिग्दर्शक. तेव्हा नटांच्या तोंडाला पिठासारखी पांढरी भुकटी फासायची, हातवारे करायला लावायचे आणि कॅमेरा लांब उभा करायचा, अशी रीत. मामाने ती भुकटी पुसून काढली. कॅमेरा माणसाच्या तोंडाशी नेला, इतका की पडदाभर नुसते डोळे आणि ओठ; त्यावरूनच त्याला ते नाव पडलं. उजेड एकाच बाजूने. मधूनमधून पडद्यावर लिहिलेली वाक्यं येतात, त्यांना धंद्यात पाट्या म्हणतात. त्या त्याने इतक्या कमी केल्या की लोक म्हणायचे, ह्याच्या चित्रपटात निरक्षर माणूसही कुठे अडत नाही. अभिनय करू नका, हा त्याचा एकच नियम. रडायचं तर खरं रडा, भ्यायचं तर खरं भ्या.

ऐकायला किती पवित्र वाटतं, नाही?

त्याचा एकच चित्रपट आज शिल्लक आहे. त्यातही जगाला ठाऊक आहे ते एकच दृश्य: पुराच्या पाण्यात हनुवटीपर्यंत बुडालेली एक लहान मुलगी कोणाला तरी हाक मारतेय. मग पाटी येते, 'बाबा!' चित्रपटांवरच्या कितीतरी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तो चेहरा आहे. ती मुलगी म्हणजे माझी आई.

पूर वगैरे काही नव्हता. कातडी कमावण्याच्या कारखान्यामागे एक हौद होता. त्यात कातडी भिजत घालायचे. वर केस तरंगायचे, चरबीचा तवंग साचलेला असायचा, काठाला पिवळा फेस. मामाने तोच हौद निवडला, कारण स्वच्छ पाणी पडद्यावर दिसतच नाही म्हणे; तवंगावर उजेड कसा थरथरतो! आणि त्या थरथरत्या उजेडात त्याने आपल्या बहिणीची सहा वर्षांची पोर उतरवली.

आईने ही गोष्ट मला शेकडो वेळा सांगितलीय, आणि दर वेळी प्रेमाने. "मामा म्हणाला, 'छकुले, भीती वाटली की मला हाक मार. नुसतं मामा म्हण, लगेच बाहेर काढतो.' मी मारली की हाक! पण वरून माणसं बादल्यांनी पाणी ओतत होती, पंप धडधडत होता. मामाला ऐकू आलं नसेल गं. नंतर किती रडला माझ्याजवळ! ही एवढी मोठी बाहुली आणली." गोष्ट नेहमी बाहुलीवर संपायची.

"आणि पाटीवर बाबा कसं आलं?" मी विचारायची.

"मी पण विचारलं होतं. तर म्हणे, लोकांना मामा कळत नाही, बाबा कळतो. गोष्टीतल्या मुलीला मामा कुठे होता?"

माझा भाऊ चिडवायचा, "आई, आपल्या भाषेत मामा बनवणं म्हणजे काय, माहिती आहे ना?" की ती उसळायची. "ते बाकीच्यांचे मामा. माझा नाही." वडील ती वर्षाची असतानाच गेले होते. शाळेची वह्या-पुस्तकं, पहिले बूट, लग्न, सगळं मामाने केलं. जाताना चित्रपटाचे डबे तिच्या नावे करून गेला. तिच्या आयुष्यातली सगळी माया 'ऐकू आलं नसेल' ह्या एका वाक्यावर उभी होती. मी मोठी झाल्यावर मला त्या वाक्याची भीती वाटू लागली. त्याला कोणी धक्का लावू नये, एवढंच मी जपत आले.

मी स्वतः देवाधर्मात रमणारी बाई. कीर्तनात बुवा सांगतात, खऱ्या हाकेला देव भरल्या ताटावरून उठतो, हातसुद्धा धूत नाही. ते ऐकताना माझे डोळे भरून येतात, आणि त्याच क्षणी तो हौद आठवतो. हाक खरी होती. तिथे उठलं कोण?

तर आईने धुवायला दिलेल्या डब्यांतला चित्रपट नवा होऊन तयार होता. आईच्या होकाराशिवाय तो दाखवता येणार नव्हता, म्हणून सहीसाठी आम्हाला बोलावलं होतं. शिवाय साखरतोंड्याच्या डोक्यात एक नवीन खूळ शिरलं होतं. सगळा मूकपट मुकाच ठेवायचा, फक्त त्या एका हाकेला आवाज द्यायचा. "अख्खं सभागृह शांत, आणि एकदम ती हाक! अंगावर काटा, आजी, काटा!" असं म्हणून त्याने स्वतःचा दंड उघडा करून दाखवला. काटा नव्हता. केस होते.

समोर पडदा होता. त्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालवत होते. आईने तो इतका मोठा, इतका स्वच्छ कधी पाहिलाच नव्हता. ती पुढे वाकली.

"अगं बघ, पुढचा दात पडलाय माझा! आणि ते केस बघ, फ्रॉकला चिकटलेत ते. बैलाचे होते की काय कोण जाणे." ती हसली. मग ओठांकडे बघत म्हणाली, "हे बघा, मी मामा म्हणतेय हं. बाबा नाही."

"तेच तर!" साखरतोंड्याने टाळी वाजवली. "तेच तर कौशल्य! सांगतो, नंतर सांगतो." पडद्यावरचं चित्र हुंदक्याच्या मध्येच तुटलं, काळोख झाला, आणि तुकडा पहिल्यापासून सुरू झाला. नव्याने धुतल्यामुळे आता पाण्यावरची चरबी वेगळी दिसत होती. तिच्या हनुवटीला लागत होती, ओठाला लागत होती. मी चहाचा कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

हाकेचा आवाज द्यायला एक मुलगी आणली होती. चिमणीएवढी, दोन वेण्या, जाहिरातींमध्ये बोलण्यात तरबेज. बरोबर तिची आई, मांडीवर पिशवी आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत चिमणीला कानाला यंत्र लावून उभं केलं. पडद्यावर ओठ हलले की तिने ओरडायचं.

"बाबा!" चिमणी गोड ओरडली.

"छान. पण बाबांनी बिस्किटांचा पुडा आणलाय असं वाटतंय," काचेअलीकडे बटणांच्या मोठ्या टेबलाशी बसलेला ध्वनिवाला म्हणाला. "बुडतेयस तू, बाळा."

"बाबाऽऽ!"

"आता दोन पुडे आणलेत."

सगळे हसले. आईसुद्धा. पुन्हा झालं, पुन्हा झालं. चिमणीची आई काचेतून हातवारे करून दाखवत होती, रड, रड. शेवटी साखरतोंड्या उठला, आतल्या खोलीत गेला आणि गुडघ्यावर बसून चिमणीच्या गालाला हात लावून म्हणाला, आम्हाला ते आवाजाच्या पेटीतून ऐकू येत होतं:

"बेटा, आता आपण दिवा घालवून करूया हं. कानात पाण्याचा आवाज येईल. भीती वाटली ना, की 'बाबा' म्हणून ओरड. लगेच दार उघडतो. वचन."

तो बाहेर आला. दार लावलं. जाड दार, फुस्स करून बंद होणारं.

"मामा लावताय होय?" ध्वनिवाल्याने मान न वळवता विचारलं.

"दुसरा इलाज आहे का?"

आईने माझ्याकडे बघितलं, खुशीत. तिला वाटलं, तिच्या मामाबद्दल बोलतायत.

आतला दिवा गेला. टेबलावर लाल दिवा लागला. पेटीतून आधी चिमणीचा श्वास ऐकू आला, मग पाणी. साधं पाणी नव्हतं. नरड्यात शिरल्यासारखा गडगडाट. आमच्याच अंगावर आल्यासारखं झालं. मग एक बारीक आवाज, "बाबा." खेळातला. मग जरा मोठा. मग काचेवर थाप.

"आता उघडा," आई म्हणाली.

साखरतोंड्याने तिच्याकडे न बघता बोट वर केलं. थांबा. त्याचे डोळे मिटलेले होते, मान हलकेच डोलत होती, गाणं ऐकणाऱ्यासारखी. चिमणीची आई पिशवी घट्ट धरून हसत होती. ते हसू मी आजही डोळ्यांपुढून घालवू शकत नाही. रडू फुटायच्या आधी तोंडाचा जसा आकार होतो तसं ते होतं, पण तिने ते हसूच ठेवलं.

"बाबा! बाबा!! उघडा ना! बाबाऽऽ!"

"सुंदर," साखरतोंड्या पुटपुटला. "सुंदर, सुंदर."

आई कधी उठली, मला कळलंच नाही. ऐंशी ओलांडलेली बाई, न्हाणीघरातून खाटेपर्यंत माझा हात धरून जाणारी. ती त्या दाराशी पोहोचली, दोन्ही हातांनी कडी ओढली, सगळं अंग मागे टाकून दार उघडलं. चिमणी तिच्या पोटावर येऊन आदळली. तिचा फ्रॉक ओला झाला होता.

"मिळाला!" ध्वनिवाला ओरडला. लाल दिवा विझला. "एकच नंबर! दाराच्या आधीचं सगळं स्वच्छ आलंय."

"काय केलंत हे?" आईने चिमणीला पोटाशी धरलं होतं. "वचन दिलंत ना पोरीला? ऐकू येत नव्हतं तुम्हाला?"

"आजी, आजी, शांत व्हा." त्याचा हात पुन्हा खांद्यावर आला. "ही तर तुमच्याच मामांची देणगी! आम्ही धंद्यात ह्याला 'मामा लावणं' म्हणतो. जगभर शिकवतात. मुलाला एक शब्द द्यायचा. भीती वाटली की म्हण, लगेच थांबवतो. आणि थांबवायचं नाही. आपला शब्द लागू पडत नाही हे मुलाला कळतं ना, त्या क्षणी चेहऱ्यावर जे येतं, ते जगातला कोणी नट आणू शकत नाही. आणि डोळेवाल्यांची कमाल बघा, शब्दसुद्धा कसा निवडला! मामा आणि बाबा, ओठ सारखेच हलतात. हाक मारायची त्यांना, आणि पाटीवर बसते बाबा. सगळं आधीच ठरलेलं! केवढी बुद्धी!"

माझ्या तोंडाला खारट पाणी सुटलं. इतकी वर्षं ज्याला जपलं, ते त्याने असं गालिच्यावर ओतलं होतं आणि वर त्याचं कौतुक करत होता. त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली, मेलेल्या मामाची आली, त्या कोवळ्या चेहऱ्यापुढे रांगा लावणाऱ्या रसिकांची आली. आणि सगळ्यांत जास्त त्या शब्दाची. मामा लावणं. पोराला चुना लावावा तसं.

"नाही," आई म्हणाली. "पंप होता तिथे. पंपाचा आवाज मोठा होता. मामाला ऐकू आलं नसेल."

"आजी, ऐकू आलं म्हणूनच तर..."

"पुरे!" मी ओरडले. कापडाने तेही गिळून टाकलं.

"आमच्या मुलीचं काम झालं ना?" मागून चिमणीच्या आईने विचारलं. "की ह्यांच्यामुळे पुन्हा करावं लागेल?"

"मी करते परत," चिमणी हुंदके देत म्हणाली. "आता जमेल मला." ती खरंच वळली होती, त्या काळ्या खोलीकडे. माझ्या आईने तिचा दंड पकडला आणि ती सरळ बाहेर चालू लागली. मी मागोमाग.

जिन्यात निदान वारा होता. आई पायरीवर बसली, चिमणीला शेजारी बसवलं, तिचं नाक रुमालाने पुसलं. मग मुलंच ती. चिमणीला पडद्यावरचं आठवलं.

"ती मुलगी तुम्ही होता?"

"हो गं."

"मग तुम्हाला बाहेर कोणी काढलं? तुम्हीसुद्धा ओरडत होतात."

मी कान टवकारले. बाहुलीच्या आधीचा हा भाग घरात कधी आलाच नव्हता. मला वाटायचं, मामानेच काढलं असणार.

"हँडलवाल्याने," आई म्हणाली. "तेव्हा कॅमेरा हाताने फिरवावा लागायचा. एक माणूस शेजारी उभा राहून हँडल फिरवत असायचा. त्याने हँडल सोडलं आणि बुटांसकट उडी टाकली हौदात. त्याच्या मिशांना ती घाण लागलेली अजून दिसते मला. त्याने मला असं डोक्यावर धरलं. आणि मामा काठावरून ओरडत होता, 'अरे फिरव! फिरव! सोडू नको, फिर...'"

ती थांबली.

पंप, बादल्या, सगळा तो कालवा, आणि त्यातून मामाचा शब्द न् शब्द तिला ऐकू आला होता. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं तो तिच्या कानातच होता. मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिने तोंडावर हात दाबला. मला वाटलं, उलटी होतेय. मी तिची पाठ चोळू लागले.

"मला ऐकू येत होतं की त्याचं," ती हाताआडून म्हणाली. "सगळं येत होतं. मग माझं त्याला..." ती जिन्याच्या कोपऱ्यात थुंकली. जन्मात मी तिला असं थुंकताना पाहिलेलं नाही.

साखरतोंड्या हातात पेन घेऊन खाली आला. मागे ध्वनिवाला होता. "आजी, बरं वाटतंय ना? सही काय, इथे पायरीवरसुद्धा होईल."

आईने तोंड पुसलं. "त्या हाकेला आवाज द्यायचा नाही."

"नाही देणार."

"आणि सुरू व्हायच्या आधी कोणीतरी उभं राहून सांगायचं, हे कसं केलं ते. लोकांना किळस आली तर येऊ दे."

"अगदी! सांगू की! सगळं तुमच्या मनासारखं. वचन." तो गुडघ्यावर बसला आणि तिच्या गालाजवळ हात नेला.

चिमणी माझ्याआड सरकली. मागे ध्वनिवाल्याने हसू आवरायला मान खाली घातली.

"बाजूला व्हा," आई शांतपणे म्हणाली. "मला लावू नका. मला एकदा लावून झालाय."

त्याचा चेहरा उतरला. साखर गेली की खाली काय उरतं, ते मी पहिल्यांदा पाहिलं. "आजी, पाहुण्यांना बोलावणी गेलीयत. एवढा मोठा कलावंत, त्याचं नाव..."

"त्याचं नाव पुष्कळ झालं. हँडलवाल्याचं नाव काय?"

"कुठल्या?"

"ज्याने हँडल सोडलं. तिथे चित्र तुटतं बघा."

"तो काळोख?" तो थक्क झाला. "तो डोळेवाल्यांचा सुप्रसिद्ध काळोख आहे! त्याच्यावर ग्रंथ लिहिलेत लोकांनी!"

"लिहू देत. नाव काय त्याचं?"

त्याला ठाऊक नव्हतं. "एक कॅमेरावाला मध्येच काढून टाकला होता, काम बिघडवलं म्हणून, असं ऐकून आहे. नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पण आजी, तुम्हाला तरी..."

"मला कुठलं ठाऊक? मी सगळा जन्म मामाचंच तर सांगत बसले." आई माझा हात धरून उठली. "शोधा. एवढं धुतलंत, पुसलंत, तर शोधा. त्याचं नाव पहिल्या पाटीवर घाला, मग या सहीला. तोवर डबे माझे. आण गं ते."

मी परत त्या वासात शिरले. डबे टेबलाखाली होते, गंजलेले, जड. झाकणातून कुजकट वास येत होता, हाताला चिकटत होता. कोणी उचलू लागलं नाही. मी ते एकावर एक छातीशी धरले आणि जिना उतरू लागले. खाली आई टॅक्सीवाल्याला थांबवून धरत होती, आणि वरून चिमणीची आई लेकीला हाका मारत होती. चिमणी अजून माझ्या आईचा हात सोडायला तयार नव्हती.